सोसणे हे शील आहे काय?

वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी संध्याकाळी परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन बहुधा मीच करते. शाळेत शिकविणारी म्हणून हे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. मागे एका रविवारी दहा पारमितांचा भाग वाचून झाला, सरणत्तय झाले, मुले खिरीच्या पातेल्याभोवती गोळा झाली, आणि एक भगिनी पदर सावरीत माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, “बाई, क्षांती म्हणजे क्षमाच ना?” मी म्हटले, होय, तसेच. त्यावर ती म्हणाली, “मग एकाच माणसाला किती वेळा क्षमा करायची?”

मला वाटले घरचे भांडण असेल. ते नव्हते. ती ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला जाते. आठ बाया आणि त्यांच्यावर एक मुकादम. हजेरी मुकादम मांडतो, कोणत्या बाईला कोणता रस्ता द्यावयाचा ते तोच ठरवितो, आणि महिन्याच्या शेवटी किती खाडे पडले हे त्याच्याच वहीवरून कळते. या वहीच्या जोरावर तो काय काय बोलत असे, झाडू हातात देताना हात कसा धरीत असे, “आज उशिरा आलीस, पण हजेरी लावतो, मात्र माझीही आठवण ठेव” असे कसे म्हणत असे, हे तिने मला खालच्या आवाजात, एकेक तुकडा करून सांगितले. एकदा गोदामात त्याने दार लोटून घेतले होते. त्या वेळी ती ओरडली म्हणून निभावले. पुढच्या महिन्यात तिचे पाच खाडे पडले, आणि ती तर एकही दिवस घरी राहिली नव्हती.

जे सांगावयास ती सर्वात अधिक कचरली, ते शेवटी सांगितले. मुकादम आपल्याच समाजाचा. भीमजयंतीची वर्गणी गोळा करण्यात तो पुढे असतो, पांढरे कपडे घालून पंचशील ध्वजाखाली उभा राहतो. तिची आई म्हणाली, गप्प बस, आपलीच अब्रू जाईल. भाऊ म्हणाला, काम सोड. विहार समितीतल्या एका काकांच्या कानावर गोष्ट गेली होती. ते म्हणाले, समाजाची बदनामी नको, मी त्याला समजावतो. आणि मी काय म्हणाले? वाचकहो, मी म्हणाले, “जरा सांभाळून राहा.” पदवी घेतलेली, ग्रंथ वाचून दाखविणारी मी, माझ्या तोंडून एवढेच निघाले. घरी जाताना मला त्या शब्दांची लाज वाटली, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्यास बसले आहे.

प्रश्न तिने विचारला तोच आहे. सोसणे हे शील आहे काय? वरिष्ठाच्या हातून होणारा असा छळ निमूटपणे सहन करणारी स्त्री धम्माने वागते, आणि तक्रार करणारी मैत्री मोडते, असे आहे काय?

आपल्या घरांत असे मानणारे पुष्कळ आहेत. धम्मपदातील वैरासंबंधीची गाथा सर्वांना पाठ असते, आणि जातकातील क्षांतिवादी तपस्वी, ज्याचे हातपाय राजाने तोडविले तरी ज्याचे मन क्षोभले नाही, त्याची कथाही ऐकलेली असते. परंतु थोडा विचार करावा. त्या तपस्व्याने द्वेष केला नाही हे खरे. राजा योग्य करीत आहे असे मात्र तो म्हणाला नाही, आणि इतरांनीही राजाला पुढे हात तोडू द्यावेत असे सांगत फिरला नाही. क्षांती म्हणजे द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे. ती आपल्या मनाची मशागत आहे. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला दिलेली मुभा नव्हे. अंगुलिमालाशी तथागत मैत्रीनेच वागले, पण त्याला आणखी बोटे तोडू दिली नाहीत. त्याला थांबविले. ज्याच्या हातून अकुशल कर्म घडत आहे त्याला थांबविणे हे त्याच्याही कल्याणाचे असते. तेव्हा मनात सूड न ठेवता, शांत चित्ताने, लेखी तक्रार करता येते. मन पेटलेले असताना केली तरीही, माझ्या मते, ती अधर्म ठरत नाही. पोळलेल्या माणसाने आधी मन थंड करावे आणि मग पाणी मागावे असे कोणी म्हणत नाही.

दुसरे एक समाधान आपल्याकडे अजून शिल्लक आहे, ते म्हणजे ‘माझे कर्म’. हे तर आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर टाकून आलो होतो! मागील जन्माच्या पापामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते, या समजुतीला बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट विरोध केला आहे, कारण तिने दुःख देणारा सुटतो आणि दुःख भोगणारा दोषी ठरतो. मुकादमाने वहीत खोटा खाडा मांडला तो या जन्मी, या महिन्यात, स्वतःच्या हाताने. त्याचे कारण त्या भगिनीच्या पूर्वजन्मात कशाला शोधावयाचे?

आता तिसऱ्या शीलाविषयी. आपण रोज ते उच्चारतो. पण त्याचा अर्थ मुलांना काय सांगतो? परस्त्रीकडे पाहू नये, व्यभिचार करू नये, इतकेच. आणि मुलींना सांगताना तर सगळे ओझे त्यांच्याच डोक्यावर टाकतो: नीट राहा, मान वर करू नकोस, एकटी जाऊ नकोस. म्हणजे शील घ्यावयाचे पुरुषाने आणि पाळावयाचे स्त्रीने, असा हा उफराटा व्यवहार झाला. शिक्षापद हे करणाऱ्यासाठी असते. कामवासनेपोटी दुसऱ्याला दुखविणारे आचरण मी करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. जिच्या बाबतीत दुसऱ्याने हे शील मोडले तिचे शील तसूभरही ढळत नाही. हे वाक्य मला शाळेच्या फळ्यावर लिहावेसे वाटते.

कोणी म्हणेल, हे आधुनिक विचार तुम्ही धम्मावर लादता. त्यांनी विनयपिटक पाहावे. भिक्खूंच्या नियमांत पाराजिकाखालोखाल गंभीर असे तेरा संघादिसेस आहेत. त्यांपैकी दुसरा नियम वासनायुक्त चित्ताने स्त्रीच्या शरीराला स्पर्श करण्याविषयी आहे. तिसरा, स्त्रीशी अश्लील बोलण्याविषयी. चौथा तर असा की, मी शीलवान आहे, माझी कामसेवा करणे ही थोर सेवा आहे, असे म्हणून स्त्रीपुढे स्वतःची महती गाण्याविषयी! स्पर्श, शब्द आणि पदाचा दुरुपयोग, ही तिन्ही रूपे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने वेगवेगळी ओळखली होती. तिन्ही नियमांच्या मुळाशी उदायी नावाच्या एकाच भिक्खूचे वर्तन आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. असे लोक एकदा करून थांबत नाहीत. आणि शिक्षेची रीत पाहा. ज्याने अपराध दडविला त्याला जितके दिवस दडविला तितके दिवस परिवास, म्हणजे संघात खालच्या जागी राहून प्रायश्चित्त. पुढे सहा रात्रींचे मानत्त, आणि नंतर किमान वीस भिक्खूंच्या संघासमोरच त्याला पूर्ववत् घेता येई. संघाची बदनामी होईल म्हणून प्रकरण झाका, असे तथागतांनी म्हटले नाही. झाकण्याचीच शिक्षा वाढविली.

याच उदायीची आणखी एक कथा आहे. तो एका घरात एका स्त्रीसोबत एकांतात बसलेला असताना मिगारमाता विशाखा तेथे आली. तिने त्याला तोंडावर सांगितले की, भन्ते, हे योग्य नव्हे. त्याने मानले नाही. तेव्हा तिने ते भिक्खूंना सांगितले, त्यांनी भगवंतांना सांगितले, आणि त्यावरून दोन अनियत नियम झाले. त्यांत विश्वासार्ह उपासिकेच्या शब्दावरून भिक्खूची चौकशी करण्याची तरतूद आहे. चीवर घातलेल्या पुरुषाविरुद्ध एका गृहिणीची साक्ष! मनूच्या व्यवस्थेत वाढलेल्या मनाला हे आजही पचत नाही. आणि आमचे काका म्हणतात, मी त्याला समजावतो.

मग खोट्या तक्रारींचे काय, असा प्रश्न पुरुष बंधू लगेच विचारतात. प्रश्न गैर नाही. दब्ब मल्लपुत्त या शीलवान भिक्खूवर खोटा आळ आला होता, त्याची हकीकत विनयातच आहे. संघाने त्याला विचारले, आळ घेणाऱ्यांना विचारले, आळ खोटा ठरला, आणि निराधार आरोप करणाऱ्यांसाठीही नियम झाला. म्हणजे खोट्या आरोपाच्या भीतीवर उतारा चौकशी हाच आहे. तक्रारच होऊ द्यावयाची नाही, हा उतारा नव्हे. दोन्ही पक्षांच्या समोर निर्णय व्हावा, यालाच विनयात सम्मुखविनय म्हणतात.

परंतु आपल्या बाया गप्प राहतात त्या खोट्या तक्रारीच्या चिंतेने नव्हे. त्या अब्रूच्या भीतीने गप्प राहतात. या अब्रूविषयी मला थोडे अधिक लिहावयाचे आहे, कारण येथेच आपली खरी अडचण आहे. गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्या पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यावर राबल्या तेव्हा त्यांच्या अब्रूला गाव अब्रूच मानीत नव्हता. कामाबरोबर शरीरावरही आपला हक्क आहे असे मालक समजत असे, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? पंचायतही त्याचीच, पोलीस पाटीलही त्याचाच. धर्मांतराने आपल्याला स्वाभिमान दिला. मात्र मधल्या काळात, थोडे शिकलो, पक्के घर बांधले, आणि शेजारच्या सवर्ण घरांकडे पाहून त्यांची अब्रूही उचलून आणली. स्वाभिमान व अब्रू या एकच वस्तू आहेत असे आपण समजू लागलो. स्वाभिमान ज्याचा त्याच्यापाशी असतो, तो दुसऱ्याला घेता येत नाही. अब्रू असते चार लोकांच्या तोंडी, आणि ती राखण्यासाठी घरातली लेक खर्ची पडते.

बाबासाहेबांच्या काळच्या आपल्या स्त्रिया याबाबतीत आपल्यापेक्षा धीट होत्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि स्वतः बाबासाहेबांनी परिषदेत भाषण केले. त्या परिषदेच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना पगारी रजा यांबरोबर गिरण्यांतील स्त्री कामगारांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, अशीही मागणी होती. ही मागणी का करावी लागली, हे वेगळे सांगावयास नको. साच्यावर, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या अर्धशिक्षित स्त्रियांनी हजारोंच्या सभेत ती मांडली. त्यांना बदनामीची भीती नव्हती असे नाही. त्यांनी ती भीती ठरावाच्या खाली दाबून टाकली.

मी स्वतः मात्र तसे केले नाही. शिक्षणसेवक म्हणून एका खासगी शाळेत लागले तेव्हा मानधनावरची तीन वर्षे आणि पुढे कायम होण्याचा शेरा, हे सारे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर होते, निदान मला तसेच भासविले जाई. शाळा सुटल्यावर ‘टाचणवही तपासायची आहे’ म्हणून थांबविणे, वहीऐवजी माझ्याकडे पाहात राहणे, रात्री फोन. माझ्या घराण्यात मी पहिली पदवीधर. वडिलांनी गवंड्याच्या हाताखाली काम करून मला शिकविले. त्यांना काय सांगणार? मी तीन वर्षे हसून वेळ मारून नेली. त्या हसण्याला तो संमती समजत होता हे मला ठाऊक होते, आणि हसणे थांबविले तर काय होईल हेही ठाऊक होते. पुढे माझी दुसऱ्या शाळेत सोय झाली. माझ्या जागी एक नवीन मुलगी आली. तिला मी काही सांगितले नाही. मला स्वतःच्या सोसण्यापेक्षा हे न सांगणेच अधिक बोचते.

हसणे म्हणजे संमती, गप्प राहणे म्हणजे संमती, हा हिशेब आपल्या न्यायालयांनीही केलेला आहे. आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर जे घडले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी या कुंभार समाजाच्या स्त्रीने शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करताना बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या गुन्ह्यातून मुक्त केले. पण तिच्या दुःखातून एक गोष्ट निष्पन्न झाली. कामाच्या जागी स्त्रीचे रक्षण करणारा कायदाच नाही, हा प्रश्न घेऊन स्त्रियांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने मालकांवर बंधनकारक असे नियम घालून दिले. तो निकाल ‘विशाखा’ या नावाने ओळखला जातो. अर्जदार संस्थेचे ते नाव. आपल्याला मिगारमाता आठवल्यावाचून राहात नाही. त्या निकालाचा पुढे २०१३ मध्ये कायदा झाला.

हा कायदा आपल्या बायांना ठाऊक नाही, म्हणून त्यातले कामापुरते सांगते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. ठेक्यावरची, रोजंदारीची, घरकाम करणारी, सर्व स्त्रिया यात येतात. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावयाची. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे समितीचे काम आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. शिवाय पोलिसांतही जाता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लागू आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, आणि स्त्री अनुसूचित जातीची आहे हे जाणून त्याने असे वर्तन केले असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. आपण बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण गेले असे काही पोलीस ठाण्यांत सांगतात. ते चूक आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे.

कायदा आहे, पण समित्या पुष्कळ ठिकाणी कागदावरच आहेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींबद्दल खंत व्यक्त करावी लागली. म्हणून विहाराची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. आपल्या बंधूंपैकी आज कोणी मुकादम आहे, कोणी साहेब, कोणी मुख्याध्यापक. आरक्षणाने, शिक्षणाने हाती वही आली, शेरा आला. सिगालसुत्तात तथागतांनी सेवकांप्रति मालकाची पाच कर्तव्ये सांगितली: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. आपल्या किती साहेबांच्या घरी हे सुत्त वाचले जाते? जयंतीला निळा फेटा बांधणे सोपे आहे.

त्या भगिनीचे पुढे काय झाले ते सांगते. कायद्याने तिचे नाव आणि चौकशीतील गोष्टी छापण्यास मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी छापल्या नसत्या. ती ओळखू येऊ नये म्हणून वरही काही तपशील बदलले आहेत. पुढल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. शेवटची घटना होऊन अडीच महिने झाले होते. भाऊ चार मुले घेऊन मुकादमाला मारण्याच्या बेतात होता. त्याला थांबविणे सर्वात कठीण गेले. मी म्हटले, “तू मारलेस की हे भांडण तुझे आणि त्याचे होईल, हिचे राहणारच नाही.” तो बसला, पण बराच वेळ बोलला नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तारखा तिला आठवत नव्हत्या, पण कोणत्या सणाच्या आदल्या दिवशी, कोणत्या रस्त्यावर, हे सगळे आठवत होते. कॅलेंडर काढून आम्ही तारखा लावल्या. शेवटी मी शाईचा डबा पुढे केला. तिने तो बाजूला सारला. “सही करते,” म्हणाली. तीन अक्षरांना दोन मिनिटे लागली.

अर्ज स्थानिक समितीकडे गेला. निकाल तिच्या बाजूने लागला, मुकादमाला कामावरून काढले, खाड्यांचे पैसे तिला मिळाले. मात्र विहारातली चार घरे आमच्याशी बोलत नाहीत. काकांनी या वर्षी वाचनाला दुसरे कोणी पाहा असे सुचविले होते. बायांनी ते चालू दिले नाही. मुकादम आता येत नाही. त्याची बायको येते. ती दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसते आणि वंदना संपताच उठून जाते. तिने काय केले आहे? गेल्या पौर्णिमेला त्या भगिनीने खिरीची वाटी भरली, दारापर्यंत गेली, आणि तिच्या हातात दिली. दोघी काही बोलल्या नाहीत.